बारा तारखेनंतर कोणीच येत नाही

माझ्या नोकरीबद्दल कोणी विचारलं की बाबा आधी घसा खाकरत. रेल्वेत उभी हयात गेलेल्या माणसाला नोकरी म्हणजे एक ठसठशीत पद लागतं; गार्ड, स्टेशन मास्तर, बडे बाबू, असलं काहीतरी. माझ्या पदाचं इंग्रजी नाव त्यांनी पाठ केलं होतं, पण ते उच्चारलं की समोरचा "म्हणजे?" असं विचारायचाच, आणि तिथे बाबांना पुढचा सिग्नल मिळायचा नाही. शेवटी एकदा अमरावतीच्या आत्याला ते फोनवर सांगताना मी ऐकलं, "अवो, लोकाईचे मयके आकडे येते तिच्यापाशी. थे धुऊन-वाळवून वापस देते." पलीकडून आत्याने पगाराचं विचारलं असावं, कारण बाबा लगेच म्हणाले, "हव, लाँड्रीपेक्षा बरे देते."

मला राग यायला हवा होता. पण खरं तर त्या दिवसांत मी धुण्याचंही काम करत नव्हते. मी नुसता रंग लावत होते.

आमचं ऑफिस रायपूरच्या शंकर नगरात, मोबाइलच्या दुकानावर, दुसऱ्या माळ्यावर. आम्ही चौघं आणि आमचे सर. दुकानदार, शाळावाले, दवाखानेवाले आपापली फाइल घेऊन येतात. कोणाचे विक्रीचे आकडे, कोणाचे हजेरीचे. त्यातून त्यांच्या कामाचं काही निघतं का, ते आम्ही बघायचं. सर बंगलोरला काही वर्षं काढून रायपूरला परतलेले. "क्लाइंट के मुंह से वाह निकलना चाहिए," एवढं एकच त्यांचं धोरण, आणि वाह काढण्यात मी तरबेज होते. फाइल आली की मी तिच्यावर तुटून पडायचे. ही कशासाठी आली, कोणाला काय हवंय, असले प्रश्न मला पडत नसत. गोल आलेख, उभे आलेख, नकाशा, नकाशावर फुगे. माऊस नेला की फुगा मोठा व्हायचा, फुगा मोठा झाला की गिऱ्हाईक वाह म्हणायचं आणि आपल्या धंद्याला लागायचं. फुग्याचं पुढे काय व्हायचं कोण जाणे.

मग तो डोळ्यांचा दवाखाना आला.

दवाखाना तेलीबांध्याच्या तळ्यापुढे, नव्या रायपूरच्या रस्त्याला. चालवणाऱ्या डॉक्टर मॅडम मराठीच, पण भोसल्यांच्या अमलात इकडे आलेल्या आणि मग इकडचंच होऊन गेलेल्या घरातल्या. आम्ही विदर्भातून आलेले, चौबे कॉलोनीतले, रेल्वेवाले. आमच्या घरी "काहून" आणि "कुठी". त्यांची मराठी पुस्तकी, आणि मधूनच सरळ हिंदी. पहिल्या भेटीला सर एकटेच जाऊन आले आणि माझ्या टेबलावर पेन ड्राइव्ह ठेवत म्हणाले, "मोतियाबिंद के पेशंट ऑपरेशन के बाद वापस नहीं आते. क्यों नहीं आते, निकालो."

गोष्ट साधी होती. गावोगावी शिबिरं भरतात. मोतीबिंदू झालेल्यांना दवाखान्याची गाडी घेऊन येते, ऑपरेशन होतं, गाडीच दुसऱ्या दिवशी घरी सोडते. महिन्याभराने त्यांनी आपलं आपण परत यायचं. डोळा तपासून चष्म्याचा नंबर काढून घ्यायचा. तर ते येत नाहीत.

मी फाइल माझ्या प्रोग्रॅममध्ये उघडली. नावं दवाखान्याने काढूनच दिली होती. प्रत्येक रुग्णाचा नुसता क्रमांक, गाव, बाई की पुरुष, वय, ऑपरेशनची तारीख, तपासणीची तारीख. तपासणीचे कितीतरी रकाने रिकामे. रिकामे म्हणजे आले नाहीत, असं मी धरलं आणि लागले रंगवायला. नकाशा झाला, फुगे झाले. आणि मग मला एक घबाड सापडलं. महिन्याच्या कोणत्या तारखेला किती लोक तपासणीला येतात याचा आलेख काढला, तर पहिल्या तारखेपासून बारा तारखेपर्यंत उंच उंच खांब, आणि पुढे सगळं सपाट. तेरा तारखेपासून महिना संपेपर्यंत एक माणूस नाही!

मी खुर्चीत ताठ बसले. असं काही हाती लागलं की आमच्या धंद्यातल्या माणसाच्या डोक्यात लगेच गोष्ट शिजायला लागते. माझीही शिजली. म्हाताऱ्या माणसांची पेन्शन महिन्याच्या सुरुवातीला येते, तेव्हा बसच्या भाड्याला पैसे असतात. बारा तारखेपर्यंत ते संपतात. मग कोण येतं? सरांना दाखवलं. सर उभे राहिले. "ये है इनसाइट," म्हणाले, आणि वरती मोठ्या अक्षरात मथळा घालायला सांगितला. मॅडम मराठी आहेत म्हणून मथळा मराठीत: 'बारा तारखेनंतर कोणीच येत नाही'.

मॅडमच्या खोलीत भिंतीवर पडदा नव्हता. अक्षरं ओळखायचा तो पांढरा तक्ता बाजूला सरकवून त्या जागी आम्ही आलेख दाखवले. नकाशावर त्या काही बोलल्या नाहीत. फुग्यांवरही नाही. वाह निघत नव्हता. शेवटी मी माझा खांबांचा आलेख काढला आणि पेन्शनची गोष्ट सांगितली.

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"बारा तारखेनंतर कोणीच येत नाही?"

"नाही, मॅडम."

"आज तारीख काय?"

"एकोणीस."

त्या उठल्या आणि खोलीचं दार उघडलं. बाहेर बाकं गच्च भरली होती. हिरव्या पट्ट्या, काळे चष्मे, मांडीवर पिशव्या, पिशव्यांत डबे. एक आजी भिंतीला टेकून तांदळाच्या पिठाचा उकडलेला फरा खात होती. मॅडमनी सगळ्यांकडे हात केला आणि मला विचारलं, "मग हे कोण? बाराती?"

सरांनी खाली बघितलं. मीही बघितलं. खालची फरशी फार स्वच्छ होती.

मॅडम परत येऊन बसल्या, माझ्या छापील अहवालाच्या मागे जोडलेली यादी त्यांनी ओढली आणि बोट फिरवत एका ओळीवर थांबल्या. "हे आजोबा बघ. ऑपरेशन ऑगस्टमध्ये. आणि ऑपरेशननंतरची तपासणी मे महिन्यात. ऑपरेशनच्या तीन महिने आधीच तपासून गेले." आणि अगदी गंभीर चेहऱ्याने, "इतकी दूरदृष्टी असलेल्या माणसाचं मी ऑपरेशन कशाला केलं असेल गं?"

मला वाटलं, आता काम गेलं. पण दाराशी पोचल्यावर मागून आवाज आला, "परवा पुन्हा ये. तू एकटी. आणि लॅपटॉप आणू नको."

परतताना सरांनी तळ्याच्या कडेला गाडी थांबवली. आम्ही दोघांनी गुपचुप खाल्ले, म्हणजे पाणीपुरी. आमच्याकडे तिला गुपचुप म्हणतात आणि त्या दिवशी ते नाव अगदी शोभलं. शेवटची पुरी झाल्यावर सर एवढंच म्हणाले, "वैसे चार्ट अच्छा था."

घरी आईने बघताक्षणी विचारलं, "काहून वो, तोंड असं काहून झालं तुयं?" मी सगळं सांगितलं. वाटलं होतं, आई म्हणेल जाऊ दे. आई थोडा वेळ विचार करून म्हणाली, "पण मंग आज एकोणीस तारीख हाय हे तुले माईत नव्हतं काय?" धाकटा भाऊ आतून ओरडला, "दीदी, कैलेंडर गिफ्ट करूं क्या?" त्याला मराठी सगळी कळते, पण टोमणे मारायला हिंदीच लागते.

तिसऱ्या दिवशी मी रिकाम्या हाताने गेले. लॅपटॉप नसला की माझे हात कुठे ठेवायचे ते मला कळत नाही, हे तेव्हाच लक्षात आलं. मॅडम दोन ऑपरेशनांच्या मधे चहा पीत होत्या. मी ठरवून एकच प्रश्न घेऊन गेले होते. तोही धाडस करूनच विचारला.

"मॅडम, समजा मी उत्तर आणलं. तर तुम्ही उद्या सकाळी काय कराल?"

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. मला वाटतं, हे त्यांना आधी कोणी विचारलं नव्हतं. "उत्तर काय आहे त्यावर आहे," त्या म्हणाल्या. "बघ, लोकांना येता येत नसेल, दूर पडत असेल, तर मी तपासणीसाठीसुद्धा गाडी पाठवीन. ट्रस्टवाले तयार आहेत. पण त्यांना यायचंच नसेल, तर गाडी पाठवून काय, ड्रायव्हरला गाव दाखवायचं?"

मी ते बसल्या बसल्या बसच्या तिकिटाच्या मागे लिहून घेतलं: येता येत नाही, की यायचं नाही? आमच्या सगळ्या फुग्यांत, नकाशांत हा प्रश्न कुठेच नव्हता. आणि गंमत म्हणजे प्रश्न असा समोर आल्यावर निम्म्या रकान्यांची मला गरजच उरली नाही. वय नको, जिल्हा नको, नकाशा तर नकोच. मला एकदम हलकं वाटलं. कोणी आपल्याला आख्खी मंडई घेऊन यायला सांगावं आणि मग म्हणावं, अगं, कोथिंबीर तेवढी हवी होती.

"आणि ते मे महिन्यातले आजोबा?" मी विचारलं.

"ते तू शोध," म्हणाल्या. "खिडकीवर जाऊन बस."

दवाखान्यात दोन खिडक्या. एकीवर ऑपरेशनची नोंद, दुसरीवर तपासणीची. मी सकाळभर दुसऱ्या खिडकीच्या आत स्टुलावर बसले. तिथल्या दीदी गप्पिष्ट. रुग्णाला नाव विचारता विचारता मला माझं लग्न झालं का विचारून घेत. त्या तारीख टाकताना मी बघत होते. दिवस आधी, मग महिना, अशी आपली रीत. त्यांनी महिना आधी टाकला.

"दीदी, महीना पहले?"

"हां. ये बनके आया न, तब से उल्टा मांगता है," त्या कॉम्प्युटरला थोपटत म्हणाल्या. "पहले मैं सीधा डालती थी तो लाल हो जाता था. अब इसका जैसा मन है वैसा डालती हूं. खुश रहता है."

झालं! उलगडलं ते एवढंच. दोन वर्षांपूर्वी कॉम्प्युटर दुरुस्तीला गेला होता आणि परत आला तो महिना आधी मागायला लागला; माझी फाइल सगळी त्यानंतरचीच. पहिल्या खिडकीवर तारीख सरळ, दुसरीवर उलटी, आणि मी सगळ्या सरळ म्हणून वाचल्या. पाच सप्टेंबरला आलेले आजोबा माझ्याकडे नऊ मे होऊन आले. आणि पंचवीस सप्टेंबरला आलेल्यांचं काय? माझ्या प्रोग्रॅमने विचार केला, पंचविसावा महिना नसतो, म्हणून ती तारीखच टाकून दिली आणि रकाना रिकामा ठेवला. रिकामा म्हणजे आले नाहीत. अशी बारा तारखेनंतरची सगळी माणसं मी एका फटक्यात पुसून टाकली होती, आणि वर त्यांच्या पेन्शनची गोष्ट रचली होती. त्यांचा बिचाऱ्यांचा पेन्शनशी संबंध असेल-नसेल, माझ्या गोष्टीशी नव्हता.

मी हसायला लागले. दीदींना वाटलं लग्नाच्या विषयावर हसते आहे. त्याही हसल्या.

त्या दिवसापासून मला एक सवय लागली. आकडा जिथे जन्माला येतो तिथे एकदा जाऊन यायचं. जमलं नाही तर निदान फोन करायचा. मिठाईवाल्याचं काम असेल तर त्याच्या गल्ल्याशी उभं राहायचं, शाळेचं असेल तर हजेरी कोण घेतं ते बघायचं. सरांना हे फार दिवस पटलं नाही. त्यांच्या मते मी ऑफिसच्या वेळात मिठाई खायला जाते. त्यात थोडं तथ्य आहे.

दवाखान्याची मूळ फाइल मी एका बाजूला ठेवून दिली, तिला हात लावायचा नाही म्हणून तिचं नावच 'हात लावू नको' ठेवलं. नक्कल घेतली, तारखा सरळ केल्या. पण आता माझा स्वतःवर विश्वास उरला नव्हता, म्हणून ठरवलं की आलेख काढायच्या आधी ओळी नुसत्या वाचायच्या. पुस्तक वाचतो तशा. रविवारी लॅपटॉप घेऊन गच्चीवर उन्हात बसले. थंडी पडायला लागली होती. आई शेजारी मटार सोलत होती. मोठ्याने वाचलं की डोळा सरकत नाही, म्हणून मी मोठ्याने वाचत होते.

"बाई, वय एकशे बारा..."

"एकशे बारा?" आईचा हात थांबला. "आन मोतीबिंदू आत्ता झाला तिले?"

मी खूण केली. एकशे बारा नव्हे, बहात्तर असणार किंवा बारा, विचारायला हवं. पुढे एकाच गावाचं नाव चार तऱ्हेने लिहिलेलं. पुढे एक माणूस दोनदा, दोन्ही डोळ्यांचा, आणि मी त्याला दोन माणसं धरलं होतं. प्रत्येक ठिकाणी मी थांबायचे, खूण करायचे. आईला मात्र यात मालिका सापडली. ती मटार विसरून विचारायला लागली, "थे मघाची बाई, अभनपूरकडली. थे वापस आली काय?"

"नाही आली."

"काहून नाही आली पण?"

"तेच तर शोधून राहिली ना मी!"

"मंग शोध लवकर," आई म्हणाली, जशी काही मी मुद्दाम लपवून ठेवलं होतं.

वाचून झाल्यावर लगेच आकडेमोड करायची नाही, हेही मी तिथेच ठरवलं. घरात पडलेल्या एका लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने दोन चित्रं काढली. लोकांना येता येत नसेल तर चित्र कसं दिसेल? जवळच्या गावांतले पुष्कळ आलेले, दूरच्यांतले थोडे. म्हणजे उतरती रेघ. आणि यायचंच नसेल तर? जवळचे काय, दूरचे काय, सारखेच; म्हणजे आडवी रेघ. उत्तर यायच्या आधी उत्तराची चित्रं काढून ठेवायची. नाहीतर मी कशी आहे मला ठाऊक. समोर काहीही आलं तरी त्याला शोभेल अशी गोष्ट मी पाच मिनिटांत शिजवते. माझी पैज उतरत्या रेघेवर होती. बाबांनी पत्रिका उलटून पाहिली. "याईच्या लग्नाची तारीख निघून गेली वाटते," म्हणाले आणि पेन्सिलीकडे त्यांनी लक्षही दिलं नाही.

रेघ आडवी आली.

अगदी काटेकोर आडवी नव्हे, थोडी खालीवर. पण दूरच्या गावांतून येणारे आणि रायपूरच्याच एखाद्या पाऱ्यातून, म्हणजे मोहल्ल्यातून येणारे, न येण्यात दोघेही सारखेच पटाईत होते. ज्यांचं घर दवाखान्यापासून सायकलच्या अंतरावर होतं तेही येत नव्हते. माझ्या चुकलेल्या रिकाम्या रकान्यांपेक्षा न येणारे बरेच कमी होते, पण होते.

मी ते पेन्सिलचं चित्रच घेऊन मॅडमकडे गेले. रंग नाही, मथळा नाही. त्यांनी एकदा बघितलं. "म्हणजे गाडीचं काम नाही."

"तसं दिसतंय. पण का यायचं नाही, ते यात नाही. फाइल इथे संपते."

"मग ज्याला माहीत आहे त्याला विचारू," म्हणाल्या आणि त्यांनी वॉर्डातल्या सिस्टरना बोलावलं. सिस्टर धमतरीकडच्या, छत्तीसगढी बोलणाऱ्या, आवाज असा की फोन नसता तरी गावात ऐकू गेला असता. त्यांनी न आलेल्यांना एकेक फोन लावायला सुरुवात केली. काहींचा लागला नाही, काहींचा मुलाने उचलला. मग एका आजीने स्वतः उचलला.

"दाई, ऑपरेशन के बाद काबर नइ आए?" सिस्टरनी विचारलं. माय, का नाही आलीस?

 मग आजीने, सिस्टरलाच काही कमी समजतं असं वाटून, सावकाश समजावून सांगितलं, "बने दिखत हे, बेटी. त काबर आहूं?"

छान दिसतंय, मग कशाला येऊ!

मॅडम खुर्चीत मागे रेलून हसल्या. मी त्यांना पहिल्यांदाच हसताना बघितलं. माझ्या फाइलीत तो रिकामा रकाना होता, मी त्याला गरिबी समजले, सर अडाणीपणा समजत होते, मॅडम बेफिकिरी समजत होत्या. आणि तिकडे आजी आपल्या नव्या डोळ्याने आख्खं गाव बघत आनंदात होती. पुढचे आजोबा तर म्हणाले, डॉक्टरीणबाईंना माझा जोहार सांग, आणि फोन ठेवूनच दिला.

पण मग सिस्टरनी त्या आजीलाच पुन्हा फोन लावला. "दाई, चाउर निमार लेथस का?" तांदूळ निवडतेस का?

"वो त बहू निमारथे," आजी म्हणाली. "मोला गोटी नइ दिखय." सून निवडते, मला खडे दिसत नाहीत.

"बस, उही बर आना हे! चश्मा मिलही, गोटी दिखही." त्यासाठीच तर यायचं, चष्मा मिळेल, खडे दिसतील.

"अइसन कहितेव न पहिली!" आजी आता सिस्टरवरच रागावली. असं आधी सांगायचं होतं ना!

या ऑपरेशननंतर दूरचं झकास दिसतं, आणि जवळचं बघायला बहुतेकांना चष्मा लागतो. घरी जाताना दवाखाना सगळ्यांना सांगे, "एक महीने बाद चेकअप के लिए आना." ज्याला चांगलं दिसतं आहे त्याला चेकअप कशाला हवा? मॅडमनी दुसऱ्या दिवसापासून वाक्य बदललं. सिस्टर प्रत्येकाला विचारायच्या, तांदूळ निवडतेस का, सुईत दोरा घालतोस का, आणि मग: त्याचा चष्मा महिन्याभराने मिळेल, घ्यायला ये.

माझा अहवाल एका पानाचा झाला. वर प्रश्न, मधे आडवी रेघ, खाली नवं वाक्य. सरांनी पान उलटून बघितलं, मागे काही नाही याची खात्री केली. "बस? नक्शा भी नहीं?"

"नकाशाचं काम नव्हतं, सर."

"एक फुग्गा तो डाल देती."

मी नाही घातला. आमच्यात त्यावरून दोन दिवस अबोला होता, म्हणजे ते मेसेज करून बोलत होते.

या कामानंतर माझी तऱ्हा बदलली ती बदललीच, आणि तिचा उपद्रव घरच्यांनाही झाला. भावाने विचारलं, कोणता फोन घेऊ, सगळ्यांचे आकडे काढून दे. मी विचारलं, "घेतल्यावर त्याचं करणार काय? आत्ताच्या फोनमध्ये काय अडलं?" तो वैतागून म्हणाला, "दीदी, मुझे फोन चाहिए, इंटरव्यू नहीं." तरी मी विचारत राहिले, तेव्हा कबूल झालं की अडलं काहीच नाही, मित्राने नवा घेतला आहे. आईनेही एकदा भाजीवाल्यासमोर मला गप्प केलं. मी टोमॅटो किती घ्यायचे ऐवजी ते कशात घालायचे हे विचारत होते.

पौषात, धान घरात आल्यावरच्या छेरछेऱ्याच्या सणाच्या सुमारास मॅडमचा फोन आला. आवाज खुशीत. "अगं, लोक यायला लागले! खिडकीवर रांग आहे. चष्मे कमी पडले. तुझं पान मी फ्रेम करून लावते."

मी ताबडतोब नवी नोंद मागवली. तारखा तपासल्या, दीदींचा कॉम्प्युटर आता सरळ मागत होता आणि दीदी त्याच्यावर रुसल्या होत्या. ओळी वाचल्या. येणारे खरंच वाढले होते. मी खूश झाले, आणि मग आमच्या धंद्याचा किडा वळवळला. आम्ही वाक्य बदललं ते कोणत्या दिवसांत? धानाची कापणी संपत आली तेव्हा. त्याआधी सगळं गाव शेतात होतं. आता धान घरात आलं, माणसं मोकळी झाली. मग ती चष्म्यासाठी आली, का मोकळी झाली म्हणून आली?

मी मॅडमकडे जाऊन हे सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. "तू आनंदाची बातमी कधी आणतेस का?"

"कळायला एक मार्ग आहे," मी म्हणाले. "काही दिवस निम्म्या लोकांना नवं वाक्य सांगायचं, निम्म्यांना जुनं. मग फरक बघायचा."

"म्हणजे निम्म्यांना मी मुद्दाम सांगायचं नाही की खडे दिसतील?"

"थोडेच दिवस."

मॅडमनी टेबलावरचा चष्म्याचा डबा उघडला, बंद केला. "त्या निम्म्यांनी काय पाप केलं?" त्या म्हणाल्या. "नाही. मी सगळ्यांना सांगणार."

मला वाद घालता आला असता. त्याच्या बाजूने बोलायला माझ्याकडे पुष्कळ होतं, कॉलेजात आम्हाला तेच शिकवलं होतं. पण दाराबाहेर सिस्टर कोणाला तरी दणदणीत आवाजात विचारत होत्या, सुईत दोरा जातो का, आणि तो माणूस म्हणत होता, जात नाही, जात नाही, आणि बाकावरचे सगळे हसत होते. मी माझे कागद आवरले.

दुसरा अहवालही एक पानाचाच लिहिला. शेवटच्या ओळीत लिहिलं: 'येणारे वाढले आहेत. नव्या वाक्यामुळे वाढले की कापणी संपल्यामुळे, हे नक्की सांगता येत नाही.' सरांनी ती ओळ वाचली आणि लाल रेघ मारली. क्लाइंटला असं कोणी लिहून देतं का, त्यांचं म्हणणं. मी ती पुन्हा घातली. त्यांनी पुन्हा काढली. शेवटी त्यांनी मॅडमनाच फोन लावला, एक ओळ जरा निराशाजनक आहे, काढली तर चालेल ना म्हणून.

मॅडम काय म्हणाल्या ते मला ऐकू आलं नाही. सरांनी फोन ठेवला, चष्मा कपाळावर सरकवला आणि पान माझ्याकडे ढकललं.

"रहने दो," म्हणाले. "बोल रही हैं, पूरी रिपोर्ट में वही एक लाइन डॉक्टर जैसी है."